विश्लेषण : तांबेरा रोखायचा, पण पोळीही बिघडू द्यायची नाही, गव्हाचा नवा वाण कसा घडतो?

मार्च-एप्रिल उजाडला की घरोघरी वर्षाचा गहू भरण्याची लगबग सुरू होते. दुकानदार पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर पसरतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘लोकवन आहे की शरबती?’ महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांना ही दोन नावे पाठ आहेत. पोळी मऊ होते, डब्यात दुपारपर्यंत चामट होत नाही, पीठ पाणी चांगले पिते. पण याच नावांमागचे जुने वाण शेतात तांबेऱ्यापुढे दुबळे आहेत. रोगाला दाद न देणारे वाण संशोधकांकडे आहेत, त्यातले काही शेतातही पोहोचले आहेत. तरीही रोगाला पुरून उरणारा दाणा तव्यावरही चांगलाच ठरेल, याची खात्री नसते. गव्हाच्या पैदासकाराची निम्मी कसरत याच एका अडचणीभोवती फिरते.

तांबेरा नेमके काय करतो?

तांबेरा किंवा गेरवा हा ‘पक्सिनिया’ कुळातील बुरशीमुळे होणारा रोग. त्याचे तीन प्रकार आहेत. पानावर नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या आणणारा, खोडावर काळपट-विटकरी फोड आणणारा आणि पानांवर पिवळे पट्टे ओढणारा. पिवळ्या तांबेऱ्याला थंडी लागते, त्यामुळे तो पंजाब, हरियाणा आणि हिमालयाच्या पायथ्याशी धुमाकूळ घालतो. महाराष्ट्राच्या उबदार हवेत त्याचा त्रास नाही. आपल्याकडे काळजी असते ती नारिंगी आणि काळ्या तांबेऱ्याची.

ही बुरशी झाडाला लगेच मारत नाही. जिवंत पेशींतून ती अन्न ओढत राहते. दाणा भरण्याच्या ऐन दिवसांत पानाने तयार केलेली साखर ओंबीकडे जाण्याऐवजी बुरशीकडे वळते. काळा तांबेरा तर खोडाची सालच फोडतो, त्यातून पाणी उडून जाते. दाणा सुरकुततो, हलका पडतो, दळल्यावर कोंडा जास्त आणि पीठ कमी निघते. म्हणजे रोग केवळ उत्पादन घटवत नाही, दाण्याची प्रतही खालावतो. १९४६-४७ मध्ये मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची जी साथ आली, तिचा उल्लेख गव्हावरील जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतो.

उन्हाळ्यात शेत रिकामे, मग बुरशी राहते कुठे?

मैदानी भागातील कडक उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू तग धरत नाहीत. मग दरवर्षी नव्याने रोग येतो कुठून, हे कोडे प्रा. के. सी. मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोडवले. थंड डोंगरांत वर्षभर कुठे ना कुठे गहू हिरवा असतो आणि बुरशी त्यावर मुक्काम करते. काळ्या तांबेऱ्यासाठी हा मुक्काम म्हणजे दक्षिणेतील निलगिरी आणि पळणीचे डोंगर. पुढच्या संशोधनात दिसले की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांबरोबर हे बीजाणू उत्तरेकडे वाहत येतात आणि पावसाबरोबर मध्य भारतातील कोवळ्या गव्हावर उतरतात.

म्हणूनच या रोगाचा अभ्यास मोठ्या गहू पट्ट्याइतकाच डोंगरांवरही चालतो. भारतीय कृषी संशोधन संस्थेचे केंद्र निलगिरीत वेलिंग्टनला आहे आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे महाबळेश्वरला. पर्यटक जिथे स्ट्रॉबेरी खायला जातात, तिथल्या थंड, दमट हवेत तांबेरा आनंदाने वाढतो. नव्या वाणाची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही.

बुरशीनाशक फवारून भागत नाही का?

वेळेवर फवारले तर भागते. पण पुटकुळ्या दिसेपर्यंत बुरशीची एक पिढी होऊन गेलेली असते आणि अनुकूल हवेत एक-दोन आठवड्यांत पुढची येते. एक-दोन एकरांत घरापुरता आणि थोडा विकायला गहू करणाऱ्याला औषध, पंप आणि मजुरी यांचा खर्च परवडत नाही. रोगप्रतिकारक बियाण्यात हा खर्च बियाण्याच्या किमतीतच येऊन जातो.

ही प्रतिकारशक्ती येते कुठून?

बऱ्याचदा गव्हाच्या नातेवाइकांकडून. राय हे धान्य, एजिलॉप्ससारखी रानगवते, अॅग्रोपायरॉन नावाचे उंच गवत, रानटी एमर गहू या सगळ्यांनी हजारो वर्षे तांबेऱ्याशी झुंज देत स्वतःची शस्त्रे घडवली आहेत. पैदासकार संकर करून ती गव्हात आणतात. पानाच्या तांबेऱ्याविरुद्धच्या जनुकांना ‘एलआर’, खोडाच्या तांबेऱ्यासाठी ‘एसआर’ आणि पिवळ्यासाठी ‘वायआर’ अशी नावे आणि पुढे क्रमांक असतात.

या यादीत एक नाव अस्सल मराठी आहे. खपली! सातारा, सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव पट्ट्यात खिरीसाठी जपला गेलेला हा गहू गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पोहोचला. काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ मध्ये बारा गव्हांचा जो संच ठरवला, त्यात ‘खपली’ याच नावाने तो आहे. खपलीतून ‘एसआर १३’ हे जनुक ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी साध्या गव्हात उतरवले. पुढे आफ्रिकेत आलेल्या भयंकर ‘यूजी ९९’ या जातीविरुद्धही ते उपयोगी ठरले. आपण खपलीचे कौतुक मधुमेह आणि आरोग्याच्या निमित्ताने करतो, जगातील रोगशास्त्रज्ञ तिला शंभर वर्षांपासून वेगळ्याच कारणाने ओळखतात.

मग पोळी का बिघडते?

कारण जनुक एकटे येत नाही. दोन दूरच्या नातेवाइकांचा संकर केला की गव्हाच्या गुणसूत्रात परक्या गुणसूत्राचा अख्खा तुकडा बसतो. हव्या त्या जनुकाच्या आजूबाजूला असलेली शेकडो नको ती जनुके त्याबरोबर येतात. वरात एका नवरदेवासाठी बोलवावी आणि सोबत सगळे गाव यावे, तसा हा प्रकार. शिवाय गव्हात ‘पीएच १’ नावाचे जनुक असे आहे की परका तुकडा आणि गव्हाचे गुणसूत्र यांच्यात अदलाबदल होऊ देत नाही. त्यामुळे तो तुकडा कापून लहान करणेही अवघड जाते.

याचे सर्वात गाजलेले उदाहरण रायचे. रायच्या पहिल्या गुणसूत्राचा आखूड बाहू गव्हात बसवला आणि एकाच फटक्यात तिन्ही तांबेऱ्यांविरुद्धची आणि भुरीविरुद्धची जनुके मिळाली. ‘काव्काझ’, ‘अरोरा’ हे रशियन वाण आणि मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय गहू केंद्राच्या ‘व्हीरी’ मालिकेमुळे हा तुकडा जगभर पसरला. उत्पादनही वाढले. पण बेकरीवाल्यांच्या हाताला कणीक चिकटू लागली. त्या बाहूबरोबर रायची ‘सेकॅलिन’ प्रथिने आली होती आणि त्याच जागेवरची गव्हाची काही ग्लुटेन-प्रथिने गेली होती. ग्लुटेन म्हणजे कणकेला ताण आणि लवचीकपणा देणारे जाळे. त्यातले धागे बदलले की पाव नीट फुगत नाही, यंत्रात कणीक अडकते. पोळीवरचा परिणाम पावाइतका ठळक नसतो. कॅलिफोर्नियातील अॅडम लुकाशेव्स्की यांनी पुढे ‘पीएच १’ बाजूला सारून या बाहूचे बारीक तुकडे पाडले, सेकॅलिनचा भाग काढला आणि गव्हाची हरवलेली प्रथिने परत बसवली. हे काम एका ओळीत सांगता येते, करायला वर्षे लागली.

दुसरे उदाहरण ‘एलआर १९’चे. उंच गवतातून आलेले हे जनुक पानाच्या तांबेऱ्याविरुद्ध उत्तम, पण त्याच्या शेजारीच पिठाला पिवळसर करणारे जनुक बसलेले. शेवया-पास्त्याच्या बन्सी गव्हाला पिवळेपणा हवाच असतो, तिथे हा दोष गुण ठरतो. पांढऱ्याशुभ्र पावाच्या पिठाला मात्र तो चालत नाही. कॅनडात डग्लस नॉट यांनी उत्परिवर्तन घडवून पिवळेपणा कमी असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या.

कधी कधी मात्र नशीब साथ देते. इस्रायलमधील रानटी एमर गव्हातून पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धचे ‘वायआर ३६’ शोधताना असे दिसले की त्याच्या अगदी शेजारी दाण्यातील प्रथिने, जस्त आणि लोह वाढवणारे जनुक आहे. इथे रोगप्रतिकार आणि प्रत हातात हात घालून येतात. असे शेजारी फार थोडे.

दाण्याचा रंग एवढा महत्त्वाचा का?

भारताने हा धडा एकदा घेतलेला आहे. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणे आले, त्यात मुख्य वाण होता ‘लेर्मा रोहो’. स्पॅनिशमध्ये रोहो म्हणजे लाल. उत्पादन भरघोस, पण दाणा लाल आणि पोळी काळपट. बाजारात या गव्हाला भाव कमी मिळू लागला. ज्या देशात त्या वर्षी अमेरिकेतून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लागलेले होते, तिथेही लोकांनी रंगावरून नाक मुरडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मग ‘सोनोरा ६४’ या दुसऱ्या लाल वाणावर दिल्लीत गॅमा किरणांचा मारा करून पिवळसर दाण्याचा ‘शरबती सोनोरा’ काढण्यात आला. ‘कल्याणसोना’ आणि ‘सोनालिका’ लोकप्रिय झाले त्यातही अंबरी दाण्याचा वाटा मोठा होता.

रंगाची अडचण रोगप्रतिकाराच्या कामात पुन्हा उभी राहिली. उंच गवतातून आलेली ‘एलआर २४’ आणि ‘एसआर २४’ ही जोडी नारिंगी आणि काळ्या अशा दोन्ही तांबेऱ्यांना रोखते, म्हणजे मध्य भारत आणि महाराष्ट्राला हवी तशीच. पण अमेरिकेतील ‘एजंट’ या वाणात तिच्याबरोबर दाणा लाल करणारे जनुक घट्ट बांधलेले होते. तिथे लाल गहूच खातात, त्यामुळे कोणाला फरक पडला नाही. भारतात तो वाण चालला नसता. अर्नेस्ट सीअर्स यांनी याच गवताचा तुकडा वेगळ्या ठिकाणी तोडून-जोडून काही ओळी तयार केल्या होत्या. त्यातल्या एकीत लाल रंगाचे जनुक आले नाही. वेलिंग्टनच्या संशोधकांनी नेमकी ती उचलली.

‘सी ३०६’ वाचवण्याची खटपट काय होती?

‘सी ३०६’ हा १९६५ चा उंच, कमी पाण्यावर येणारा वाण. पोळीच्या चवीत आजही त्याचे नाव मापदंड म्हणून घेतले जाते. मध्य प्रदेशातील सिहोरचा शरबती म्हणून जो गहू चढ्या भावाने विकला जातो, त्यात या वाणाचा मोठा हिस्सा. पण तांबेऱ्यापुढे तो साफ हतबल.

वेलिंग्टनला पैदासकारांनी ‘सी ३०६’चा त्या पांढऱ्या-पिवळ्या दाण्याच्या प्रतिकारक ओळीशी संकर केला. आलेल्या संततीतील निरोगी झाडे निवडून ती पुन्हा ‘सी ३०६’शीच जोडली. मग पुन्हा, आणि पुन्हा. पहिल्या संकरात ‘सी ३०६’चा वाटा निम्मा असतो. परत एकदा जोडले की ७५ टक्के, मग साडेसत्त्याऐंशी, आणि असे सहा वेळा केले की ९९ टक्क्यांच्या पुढे. दरवेळी फक्त तांबेरा न लागलेली झाडेच पुढे न्यायची, म्हणजे हवे ते जनुक गळत नाही. यातून ‘एचडब्ल्यू २००४’ म्हणजेच ‘अमर’ हा वाण आला. दाणा आणि पोळी जवळपास ‘सी ३०६’ची, अंगी तांबेऱ्याचा प्रतिकार. पण ‘सी ३०६’चे दोषही त्याने तसेच घेतले. उंच वाढणारे झाड भारी खत-पाणी दिले की लोळते आणि उत्पादनात ठेंगण्या वाणांची बरोबरी करू शकत नाही. जुन्या वाणाला आहे तसे ठेवून फक्त दुरुस्त करण्याची ही किंमत आहे.

मूठभर दाण्यांतून पोळी कशी तपासतात?

इथे खरी पंचाईत असते. संकरानंतर सुरुवातीच्या पिढ्यांत एकेका झाडाचे काही ग्रॅमच दाणे मिळतात आणि त्यातले निम्मे पेरायला ठेवावे लागतात. रोग तपासायला एक पान पुरते, पोळी लाटायला मात्र किलोभर पीठ हवे. तोपर्यंत वाट पाहिली तर पाच-सहा वर्षे वाया गेलेली असतात.

म्हणून आधी आडवळणाच्या चाचण्या होतात. चिमूटभर पीठ विशिष्ट द्रावणात हलवून गाळ किती उंच साचतो ते पाहतात, त्यावरून ग्लुटेनची ताकद कळते. पावाला ताकदवान ग्लुटेन लागते, बिस्किटाला कमकुवत, पोळीला मधले. दाणे फिनॉलमध्ये भिजवून ते किती काळे पडतात ते बघतात, कारण ज्या दाण्यात हे काळेपण जास्त, त्याची कणीक ठेवल्यावर काळवंडते. पानाच्या तुकड्यातून डीएनए काढून हवे ते जनुक आले का आणि नको तो तुकडा गेला का, हे आता रोपावस्थेतच समजते. कणखर दाणा दळताना स्टार्चचे कण अधिक भरडले जातात, म्हणून त्याचे पीठ पाणी जास्त पिते आणि पोळी मऊ राहते. त्यामुळे दाण्याचा कणखरपणाही मोजतात.

शेवटी खरोखरच पोळ्या लाटल्या जातात. ठरलेले पाणी, ठरलेली जाडी, ठरलेली तव्याची उष्णता. रंग, फुगणे, वास, चव, काही तासांनी किती लवचीक राहते, या सगळ्यांना गुण देऊन दहापैकी आकडा काढला जातो. देशपातळीवरील चाचण्यांत तांबेऱ्याचे निकाल आणि हे गुण एकत्र पाहिले जातात.

महाराष्ट्राच्या हाती काय आले?

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस ६४७८’ हे याचे चांगले उदाहरण. सुमारे ११० दिवसांत येणारा, पाने आणि खोडाच्या तांबेऱ्याला दाद न देणारा, अंबरी रंगाचा मध्यम दाणा, १४ टक्के प्रथिने. पोळीला दहापैकी ८.०५ गुण, पावाला ६.९३. सातारा जिल्ह्यातील करंजखोप गावात ‘लोक-१’ आणि ‘एचडी २१८९’सारख्या जुन्या वाणांचे हेक्टरी २५ ते ३० क्विंटल मिळत असे, तिथे या वाणाने ४५ ते ६० क्विंटल दिल्याची नोंद आहे. याच संस्थेचा ‘एमएसीएस ४०२८’ हा बन्सी प्रकारातला वाण कोरडवाहूसाठी आहे. त्यात १४.७ टक्के प्रथिने आहेत आणि तोही तांबेरा-प्रतिकारक आहे. निफाडच्या केंद्राने ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’, ‘नेत्रावती’, ‘फुले समाधान’ असे वाण दिले.

तरीही बाजारात ‘लोकवन’ का टिकून आहे? गुजरातेतील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेतून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आलेला ‘लोक-१’ म्हणजे ‘लोक-वन’. बोलता बोलता त्याचे एक शब्दी नाव झाले आणि आता ते वाणापेक्षा दाण्याच्या तऱ्हेचे नाव बनले आहे. गिऱ्हाईक नाव विचारते, व्यापारी त्या नावाच्या दाण्याला भाव देतो, शेतकरी घरचेच बियाणे पुन्हा पेरतो. आकडे आणि इंग्रजी अक्षरांचे नाव असलेला नवा वाण या साखळीत शिरायला वेळ लागतो, मग त्याची पोळी कितीही चांगली असो.

एकदा प्रतिकारक वाण आला की प्रश्न मिटला?

नाही. वाण स्थिर असतो, बुरशी बदलत राहते. १९९५ चा ‘पीबीडब्ल्यू ३४३’ वायव्य भारतात लाखो हेक्टरवर पसरला. २००० नंतर पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या जातीने त्याची भिंत ओलांडली. पंजाब कृषी विद्यापीठाने रानगवतातील जनुके घालून २०१७ मध्ये त्याचे ‘उन्नत’ रूप आणले, पण तोवर शेतकरी ‘एचडी २९६७’कडे वळले होते. रायच्या बाहूतील ‘एसआर ३१’वर जगाने तीन दशके विसंबून राहिल्यावर युगांडात १९९९ मध्ये ‘यूजी ९९’ सापडला, त्याला हे जनुक रोखू शकत नव्हते. २००६ मध्ये केनियात त्याच कुळातील जातीने ‘एसआर २४’ही मोडले. ‘यूजी ९९’ भारतात सापडलेला नाही, पण इराणपर्यंत आलेला आहे.

म्हणून हल्ली एका बलदंड जनुकाऐवजी अनेक जनुकांची मोट बांधतात. त्यात ‘एलआर ३४’, ‘एसआर २’ अशी जनुके असतात, जी रोगाला पूर्ण थोपवत नाहीत, फक्त मंद करतात. झाडावर चार पुटकुळ्या दिसतात, पण दाणा भरतो. ‘एलआर ३४’ तर साध्या गव्हातलेच असल्याने परक्या गवताचे ओझे त्याच्याबरोबर येत नाही आणि पिठाची प्रत सांभाळणे सोपे जाते. शेतकऱ्याला मात्र समजावून सांगावे लागते की थोडा तांबेरा दिसला म्हणजे बियाणे खराब नव्हे.

महाबळेश्वरच्या केंद्रात नव्या ओळी पेरताना त्यांच्या शेजारी मुद्दाम ‘आग्रा लोकल’सारख्या, तांबेऱ्याला हमखास बळी पडणाऱ्या गव्हाच्या रांगा लावतात. त्या आधी लाल होतात, त्यांच्यावरचे बीजाणू वाऱ्याने आजूबाजूला उडतात आणि मग प्रत्येक नव्या ओळीपुढे वही-पेन्सिल घेऊन उभे राहून पानावरचा तांबेरा टक्क्यांत लिहिला जातो. त्यातून टिकलेल्या ओळींचे दाणे पुढे पोळीच्या चाचणीला जातात.